जाळी गेली, दिवे आले: नेक्सॉन ईव्हीच्या नव्या तोंडाबद्दल

प्रश्न देवगडहून आलाय, थोडक्यात असा: २०२२ सालची, जुन्या तोंडाची नेक्सॉन ईव्ही सेकंडहँडमध्ये मिळते आहे आणि नव्या तोंडाचीही बघून झाली आहे. बायकोला नवी आवडली. वडिलांनी शोरूममध्ये नवीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "हिका नाक खंय आसा?" तर दिसणं सोडून समोरच्या बदलाने आणखी काही फरक पडतो का, की सगळा आवडीनिवडीचाच मामला आहे?

फरक पडतो. मी कुडाळला बावीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतो. विकणारा गाडी समोर उभा राहून दाखवतो, मी ती बंपर उतरवून बघतो, तेव्हा माझं मत एका बाजूला झुकलेलं असणार हे धरूनच वाचा.

आधी वडिलांच्या नाकाचं बघू, कारण त्यांनी नेमकं बोट ठेवलंय. पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. ती बाहेर काढायला समोर रेडिएटर, रेडिएटरला वारा मिळायला जाळी, आणि ती जाळी शंभर वर्षं डोळ्यांसमोर राहिल्यामुळे आपण तिलाच गाडीचं नाक समजायला लागलो. इलेक्ट्रिक मोटर तापते, पण त्या मानाने फारच कमी. तिला एवढं मोठं भोक लागत नाही. मग वरची जाळी बंद करून टाकली की वारा नाकावरून सरळ निघून जातो. टेस्लाच्या मॉडेल एसला सुरुवातीला जाळीसारखी दिसणारी काळी खोटी तबकडी होती. लोकांना गाडी गाडीसारखी वाटावी हाच तिचा उपयोग. २०१६ च्या बदलात ती काढून टाकली. बीएमडब्ल्यूने उलट केलं: आयएक्सवर जाळीचा आकार आणखी मोठा ठेवला, पण आतून बंद, आणि त्यामागे सेन्सर बसवले. म्हणजे नाकाचं काय करायचं हा घोळ तुमच्या वडिलांचाच नाही, तो मोठमोठ्या कंपन्यांचाही आहे.

नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा टाटांनी हा घोळ सोडवलाच नाही, पुढे ढकलला. पेट्रोलच्या नेक्सॉनचं तोंड जसंच्या तसं घेतलं आणि त्याखालून एक निळी रेघ ओढली. दुरून ओळखायची खूण तेवढीच. महिंद्राच्या एक्सयूव्ही४०० वर तांब्याच्या रंगाचं काम केलं, तोही त्यातलाच प्रकार. आमच्याकडे एक गिऱ्हाईक आला होता, त्याला ती निळी रेघ काढून गाडीच्या रंगात हवी होती, "उगाच दवाखान्याच्या गाडीसारखी दिसते" म्हणून. दोन तासांचं काम. काढून दिली.

खरा बदल १४ सप्टेंबर २०२३ ला झाला. त्या दिवशी पेट्रोल आणि इलेक्ट्रिक दोन्ही नेक्सॉन नव्या तोंडाने आल्या, पण पहिल्यांदाच तोंडं वेगळी. इलेक्ट्रिकला बॉनेटच्या खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एलईडीची पट्टी, पेट्रोलला मधली पट्टी नाही. खरे हेडलाइट दोन्हींत खाली बंपरमध्ये उतरले. गाडी उघडताना ती पट्टी नाचत पेटते, बंद करताना नाचत विझते, आणि चार्जिंग किती झालं तेही तिच्यावर दिसतं. शेवटची सोय मला पटते. रात्री घरातून खिडकीतून बघितलं की कळतं, उठून मोबाइल शोधायला नको. नाचायचं काय, पहिला महिना पोरं खूश, नंतर कोणी बघत नाही.

माझ्या चुलतभावाची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना, आहे. श्रावणात गॅरेजचं काम आटोपून मी तिथे रंगाला बसतो. मूर्ती कितीही चांगली असू दे, लोक निवडतात ती डोळ्यांवरून, आणि आखणी भाऊ स्वतः करतो, दुसऱ्या कोणाच्या हातात ब्रश देत नाही. गाडीचंही तेच आहे. जुन्या नेक्सॉनचे डोळे डोळ्यांच्या जागी आहेत. नव्या गाडीत वरचे बारीक दिवे ही नुसती भुवई आहे आणि डोळे गालावर आलेत. हॅरियर आणि ह्युंदाईची व्हेन्यू, दोघी २०१९ च्या, तेव्हापासून ही चाल आपल्याकडे रुळली. तुमच्या वडिलांना चुकल्यासारखं वाटतंय ते नाकामुळे कमी आणि या डोळ्यांमुळे जास्त, असा माझा अंदाज. मला स्वतःला विचाराल तर नवं तोंड जास्त नीट काढलेलं आहे. जुन्यात पेट्रोलच्या गाडीवर रंगरंगोटी केल्यासारखं वाटायचं, नव्यात काढणाऱ्याला काय काढायचं ते माहीत होतं.

आता बंपर उतरवतो.

जुन्या तोंडात खर्च जाळीत आणि प्लॅस्टिकमध्ये होता. नव्यात तो दिव्यांत गेला. हे एक वाक्य मी गिऱ्हाइकाला दहा वेळा सांगतो. आणि हे नेक्सॉनपुरतं नाही, सगळ्याच इलेक्ट्रिक गाड्या तिकडे चालल्या आहेत. जाळीवर छाप पाडायची सोय राहिली नाही, मग छाप पाडायची कशाने? दिव्याने.

गेल्या पावसाळ्यात एक गाडी आली, कुठल्या कंपनीची ते सोडा, अशीच आडव्या पट्टीची. ओरोसच्या पुढे संध्याकाळी हायवेवर वासरू आडवं आलं. वासरू उठून चालत गेलं, गाडीवाल्याने ब्रेक वेळेत दाबला होता. बंपरला उजव्या कोपऱ्यात हाताएवढा पोचा, रंगाला दोन ओरखडे. गिऱ्हाईक म्हणाला, टचअप करून द्या. मी बंपर काढला. आतल्या सात क्लिपांपैकी तीन तुटलेल्या, ठीक, त्या पाच-दहा रुपयांच्या. पोचा हीटगनने गरम करून आतून दाबला, निघाला. मग पट्टी हलवून बघितली तर ती एका बाजूला डुलत होती. तिला मागे ब्रॅकेटवर अडकवणारा प्लॅस्टिकचा कान असतो, नखाएवढा. तो मुळातून तुटलेला. काच शाबूत, एलईडी सगळे पेटत होते, फक्त कान नाही.

सुटा कान मिळत नाही. पूर्ण पट्टी घ्यायची. जुन्या काळी हेडलाइटचा कान तुटला की आम्ही गरम खिळ्याने जोडायचो, वर थोडं फायबर, संपला विषय. इथेही जोडता आला असता. पण पट्टीची मागची बाजू सीलबंद असते आणि गरम केल्यावर ते सील कुठे सुटेल सांगता येत नाही. जूनमध्ये कोकणात सील सुटलेला दिवा म्हणजे ऑगस्टमध्ये माशांची टाकी. नवीन पट्टी मागवली, ती यायला पाच आठवडे लागले आणि बिलात बंपर, रंग, मजुरी मिळून जे झालं त्यापेक्षा पट्टी महाग पडली. वासराला खरचटलंही नव्हतं.

इथे विम्याची एक गोष्ट लोकांना क्लेमच्या वेळी कळते, ती आधी कळलेली बरी. साध्या पॉलिसीत पत्र्याच्या पार्टवर घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढत जातो, पहिल्या सहा महिन्यांत शून्य, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला चाळीस टक्के. प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनला मात्र पहिल्या दिवसापासून पन्नास टक्के. खऱ्या काचेला घसारा नाही, पण हेडलाइटची 'काच' ही काच नसतेच, पॉलीकार्बोनेट असतं, आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर ती प्लॅस्टिकमध्येच धरतो. आता नव्या तोंडाकडे बघा: बंपर प्लॅस्टिक, पट्टी प्लॅस्टिक, हेडलाइट प्लॅस्टिक, मधले काळे पॅनल प्लॅस्टिक. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी जास्तीची सोय, नसेल तर समोरून लागलेल्या जवळजवळ प्रत्येक पार्टचे निम्मे पैसे तुमचे. नवी गाडी घेणार असाल तर झिरो डेपवर काटकसर करू नका. जुनी २०२२ ची घेणार असाल तर विमा कंपनीला आधी विचारा, झिरो डेप साधारण पाच वर्षांच्या आतल्या गाडीलाच मिळतं.

दिवे खाली गेल्याचं दुखणं आणि फायदा दोन्ही आहे. आंतरराष्ट्रीय नियमात लो बीम जमिनीपासून ५०० मिलिमीटरच्या वर आणि १२०० च्या खाली असावा लागतो, तेव्हा नियमाच्या आतच आहे सगळं. पण खाली म्हणजे पुढच्या ट्रकच्या चाकाने उडवलेली खडी आधी त्याच्यावर, चिखल त्याच्यावर, आणि आपल्याकडे मासळीच्या ट्रकमधून गळणारं खारं पाणीसुद्धा त्याच्यावर. मिरकरवाड्याहून किंवा मालवणहून भरून निघालेल्या ट्रकमागे दहा किलोमीटर चालवली की समोर काय बसतं ते धुवून बघा.

चिखलाहून वाईट वाफ. हॅलोजनचा बल्ब ५५ वॅटचा, निम्मा हीटरच तो, दिवा लावला की काच तापून आतलं दव आपोआप उडायचं. एलईडीची उष्णता मागच्या बाजूला हीटसिंकमधून जाते, समोरची काच गारच राहते. त्यामुळे एकदा आत ओल शिरली की ती बसूनच राहते. सकाळी काचेच्या कोपऱ्यात थोडं धुकं दिसून दुपारपर्यंत गेलं तर घाबरू नका, प्रत्येक दिव्याला हवा जायला छोटी वाट असते. थेंब जमून खाली पाणी साचत असेल तर मात्र वॉरंटीत लगेच तक्रार घाला, पावसाळा संपायची वाट बघू नका. आणि गाडी धुताना प्रेशर वॉशरचं नॉझल दिव्याच्या कडेला टेकवू देऊ नका. सर्व्हिस स्टेशनवरची पोरं चिखल निघावा म्हणून तिथेच टेकवतात.

फायदा असा, की दिवा खाली असला की खड्ड्याची सावली लांब पडते. मुंबई-गोवा हायवेवर ही सावली हाच जिवाचा आधार आहे. वरून पडणाऱ्या उजेडात खड्डा आणि ओला डांबराचा ठिगळ सारखेच दिसतात. आंबोलीच्या धुक्यातही खालचा दिवा बरा, उजेड उलटून डोळ्यांवर कमी येतो. समोरून येणाऱ्या स्कूटीवाल्यालाही तेवढा कमी त्रास. म्हणून दिवे खाली नेले म्हणजे वाईटच केलं, असं मी म्हणणार नाही. धुण्याची सवय लावून घ्यावी लागेल, एवढंच.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते ती म्हणजे पियानो ब्लॅक, ते चकचकीत काळं प्लॅस्टिक. पंधरा-वीस वर्षांत गाड्यांच्या तोंडावर आलेली सगळ्यात निरुपयोगी गोष्ट. शोरूमच्या उजेडात आरसा, तीन महिन्यांनी कोळ्याचं जाळं. आपल्याकडची धूळ जांभ्याची आहे, तिच्यात खर असते. सकाळी निघायच्या घाईत कोरड्या फडक्याने एकदा पुसलं की झालं, उन्हात बघा, गोल गोल रेघा. रंगाच्या पत्र्यावर वरचा क्लिअर कोट जाड असतो, दोन-तीनदा बफिंग सोसतो. या काळ्या पॅनलवर बऱ्याचदा तेवढा थर नसतो, दुसऱ्यांदा बफ मारायला हात धजत नाही. गाडी कुठलीही घ्या, समोरच्या काळ्या चकचकीत भागावर पहिल्याच आठवड्यात पीपीएफ, म्हणजे ओरखडे झेलणारी पारदर्शक फिल्म, लावा. पूर्ण गाडीला नको, तो महागडा हौसेचा भाग आहे. फक्त काळा भाग आणि हेडलाइट. आधी भरपूर पाणी मारायचं, मग ओलं फडकं.

वाऱ्याबद्दल शोरूममध्ये जे ऐकवतात त्यावर थोडं. नाक बंद केल्याने रेंज वाढते हे खोटं नाही, पण कुठे? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ५० वरून १०० वर गेलात की चौपट. एक्सप्रेसवेवर शंभरने जाणाऱ्याला नाकाचा फरक जाणवेल. देवगड-नांदगाव रस्त्यावर चाळिसने वळणं घेणाऱ्याला काय जाणवणार? घाट चढताना तर वाऱ्याचा नव्हे, वजनाचा हिशेब. माणसं धरून दीड टनाची गाडी ६०० मीटर वर नेली की नुसत्या चढाईचेच सुमारे अडीच युनिट गेले, नाक कसंही असो. त्यातले काही उतरताना रीजनने, म्हणजे वेग कमी करताना मोटरच बॅटरी भरते त्याने, परत मिळतात. तुमच्या रोजच्या वापरात रेंजसाठी नवं तोंड घेण्यात अर्थ नाही.

खालची जाळी मात्र जवळजवळ सगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांना आहे, आणि लोक विसरतात की तिच्यामागे काय आहे. एसीचा कंडेन्सर आहे, शिवाय मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरीच्या कूलंटचा रेडिएटर. फास्ट चार्जिंगला लावल्यावर गाडी उभी असूनही पंखा जोरात फिरतो तो यासाठीच. कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पापण्यांना खारी हवा खाते. देवगडला समुद्र किती जवळ ते तुम्हाला मी सांगायला नको. महिन्यातून एकदा बागेच्या नळीने, साध्या दाबाने, गोड्या पाण्याने ती जाळी समोरून धुवा. लिंबू-मिरची जाळीला बांधायची असेल तर बांधा, पण गणपतीला मुंबईहून येतात तसे हार आणि नारळाच्या झावळ्या लावून वाराच बंद करू नका.

नव्या तोंडाची गाडी म्हणून काही जणांनी पंच ईव्हीही सुचवली असेल, तर एक लक्षात घ्या. जानेवारी २०२४ ला आलेल्या पंच ईव्हीचं चार्जिंगचं तोंड समोर लोगोजवळ आहे. एमजी झेडएस ईव्ही आणि क्रेटा इलेक्ट्रिकचंही समोरच. नेक्सॉनचं, जुनीचं आणि नवीचं, मागच्या बाजूला, पेट्रोलच्या गाडीत टाकीचं झाकण असतं तिथे. आपल्याकडे गाडी नाक पुढे करून शेडमध्ये घालतात आणि शेपूट अर्धी पावसात असते, तेव्हा समोरचं पोर्ट सोयीचं. डेंटिंगवाल्याला मात्र ते नको वाटतं. नाकावर बसलेल्या फटक्यात बंपरमागे नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजची, केबल आली की काम माझ्या हातचं राहत नाही. गाडी बंद, १२ व्होल्टची बॅटरी सोडवलेली, हाय व्होल्टेज तोडलेलं, आणि ते तोडायचं प्रशिक्षण घेतलेला माणूस हजर, यापुढेच पाना लावायचा. गावातल्या गॅरेजमध्ये असा माणूस क्वचित असतो. नारिंगी केबल दिसूनही "काही होत नाही" म्हणत हात घालणाऱ्याकडे गाडी ठेवू नका, त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठी.

तर निवड. नवीनचं बजेट असेल, झिरो डेप घेणार असाल आणि गाडी सात-आठ वर्षं ठेवणार असाल, तर नवं तोंड घ्या, बायकोची निवड बरोबर आहे. खालच्या व्हेरिएंटमध्ये समोरचे कुठले दिवे मिळतात आणि कुठले फक्त नावाला काळी पट्टी म्हणून येतात, ते ब्रोशरमध्ये नको, उभ्या गाडीवर पेटवून बघा, आणि शक्यतो दिवस मावळल्यावर. बजेट ताणावं लागत असेल, तर जुनं तोंड दुरुस्तीला सोपं आणि स्वस्त आहे, यात मला शंका नाही. बॅटरीची तपासणी वेगळी करून घ्या, तो माझा प्रांत नाही.

जुनीच ठरली तर समोरून एवढं बघा. बॉनेट आणि बंपरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, बोटाचं नख फिरवून. बंपरचा रंग आणि फेंडरचा रंग ढगाळ उजेडात जुळतो का, भर उन्हात सगळे रंग जुळल्यासारखे दिसतात. निळी रेघ एका बाजूला जास्त ताजी आहे का. मग बॉनेट उघडा आणि मोबाइलच्या टॉर्चने दोन्ही हेडलाइटच्या मागचे छापील स्टिकर वाचा, त्यांच्यावर उत्पादनाची तारीख असते. दोन्हींत महिना-दोन महिन्यांचा फरक चालतो. एक २०२२ चा आणि दुसरा २०२४ चा निघाला, तर मालकाला सरळ विचारा काय आडवं आलं होतं. उत्तर पटलं नाही तर गाडी कुडाळला घेऊन या, बंपर उतरवायला अर्धा तास लागतो.